मुखत्यारपत्र: सही अमेरिकेत, व्यवहार महाराष्ट्रात

महाराष्ट्रातली स्थावर मालमत्ता अमेरिकेत बसून विकायची, भाड्याने द्यायची किंवा भावंडांत वाटून घ्यायची, तर मुखत्यारपत्रावाचून सहसा भागत नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्याचा कोथरूडचा फ्लॅट असो, की डॅलसला असलेल्या बहिणीचे सातबाऱ्यावर लागलेले नाव, दुय्यम निबंधकासमोर उभा राहायला कोणीतरी माणूस लागतो. त्याला काय करता येईल आणि काय नाही, हे एका कागदावर ठरते. कागद अमेरिकी नोटरीसमोर तयार होतो आणि वापरला जातो महाराष्ट्रात. बहुतेक घोळ या सांध्यावरच होतात.

पहिला घोळ मसुद्याचा. ओळखीच्यांकडून व्हॉट्सॲपवर येणारा नमुना बहुधा कुलमुखत्यारपत्राचा असतो: सर्व मिळकती, सर्व बँका, सर्व न्यायालये, सर्व अधिकार. एका फ्लॅटच्या विक्रीसाठी एवढे लिहून देणे म्हणजे निष्कारण जोखीम. त्या कामापुरते विशेष मुखत्यारपत्र पुरते. त्यात मिळकतीचे पूर्ण वर्णन (सर्व्हे किंवा गट नंबर, फ्लॅट नंबर, क्षेत्रफळ, चतुःसीमा), साठेखत व खरेदीखतावर सही करण्याचा आणि नोंदणीच्या वेळी कबुलीजबाब देण्याचा अधिकार, किमान किंमत आणि मुदत लिहावी. रक्कम केवळ मालकाच्या एनआरओ खात्यात जमा होईल, हे वाक्य तर हवेच. मुखत्याराच्या खात्यातून पैसे फिरू लागले की सख्ख्या भावांतही हिशेब अडतो.

मुखत्यार कोण, यावर मुद्रांक शुल्कही ठरते. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद ४८ प्रमाणे मोबदल्याशिवाय विक्रीचे अधिकार आईवडील, भावंडे, पतीपत्नी, मुलगी, नातवंडे अशा जवळच्या नातलगाला दिले, तर शुल्क ५०० रुपये. मित्राला, शेजाऱ्याला किंवा इस्टेट एजंटला दिले, तर थेट खरेदीखताइतके. विश्वासू मित्र निवडण्यापूर्वी हा आकडा पाहावा.

सही करण्याचे नियम नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम ३३ मध्ये आहेत. मुखत्यारपत्र देणारा भारतात राहत नसेल, तर कागदावर नोटरी, न्यायालय, न्यायाधीश, दंडाधिकारी किंवा भारतीय वाणिज्यदूत यांच्या समक्ष सही होऊन तो प्रमाणित व्हावा लागतो. अमेरिकेतला नोटरी वकील असेलच असे नाही. बँकेच्या शाखेत किंवा पार्सलच्या दुकानात बसलेला कर्मचारीही नोटरी असतो. तो सही करणाऱ्याची ओळख पटवतो, मजकूर तपासत नाही. कॅलिफोर्नियात मुखत्यारपत्रासाठी नोटरीच्या नोंदवहीत अंगठ्याचा ठसाही द्यावा लागतो. व्हिडिओवरून नोटरी करण्याची सोय अनेक राज्यांत आहे, पण भारतीय कायद्यातल्या ‘समक्ष’ची कसोटी तिला लावली गेली तर कागद अडकू शकतो. तेवढ्यासाठी नोटरीपर्यंत प्रत्यक्ष गेलेले बरे.

नोटरीनंतर अपोस्टिल. हेग कराराखालचे हे प्रमाणन अमेरिकेत १९८१ पासून आणि भारतात २००५ पासून लागू आहे. ते सहसा त्या राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेटचे कार्यालय देते. राज्य म्हणजे नोटरी ज्या राज्याचा आहे ते. सही करणाऱ्याचे घर कुठे आहे याला इथे महत्त्व नाही. राहणे न्यू जर्सीत आणि सही मॅनहॅटनमधल्या बँकेत, तर अपोस्टिल न्यूयॉर्कचे. तिथे आणखी एक पायरी आहे: नोटरीची सही आधी काउंटी क्लर्ककडून प्रमाणित करून घ्यावी लागते. अपोस्टिलऐवजी भारतीय वाणिज्य दूतावासाचे साक्षांकनही चालते. त्यासाठी आपल्या राज्याला लागू असलेल्या दूतावासाकडेच जावे लागते.

कागद महाराष्ट्रात पोचल्यावर घड्याळ सुरू होते. राज्याबाहेर सही झालेला दस्त राज्यात प्रथम आल्यापासून ३ महिन्यांच्या आत मुद्रांकित करावा लागतो. मोजणी पोचल्याच्या तारखेपासून होते, सहीच्या नाही. म्हणून कुरिअरचे पाकीट आणि पोचपावती जपून ठेवावी. मूळ कागद मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी द्यायचा, ते ठरवतील ते शुल्क भरायचे. उशीर झाला तर दरमहा २ टक्के दंड. ५०० रुपयांवर तो नगण्य, खरेदीखताइतक्या शुल्कावर मात्र चांगलाच जड. नात्याचा पुरावा म्हणून जन्मदाखले किंवा पासपोर्टच्या प्रती सोबत लावाव्यात, नाहीतर ‘नातलग’ हा नुसता शब्दच राहतो.

नोंदणीच्या दिवशी मुखत्याराला एक घोषणापत्र द्यावे लागते: मुखत्यारपत्र रद्द झालेले नाही आणि ते लिहून देणारा हयात आहे. हे खोटे निघाले, तर नोंदणी अधिनियमाच्या कलम ८२ खाली ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अशा घोषणापत्राचे कारण भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम २०१ मध्ये आहे: मालक मरण पावला किंवा त्याचे मानसिक संतुलन गेले की मुखत्यारी संपते. मानसिक क्षमतेबाबत अमेरिकेत याच्या उलट आहे. २००६ चा एकरूप मुखत्यारपत्र कायदा स्वीकारलेल्या राज्यांत कागदात वेगळे लिहिले नसेल, तर मालकाची क्षमता गेल्यावरही अधिकार टिकतो. त्यामुळे तिकडच्या वकिलाने वृद्ध वडिलांसाठी केलेला कागद त्यांना स्मृतिभ्रंश झाल्यावर अमेरिकी बँकेत चालतो, पण पुण्यातला फ्लॅट विकायला चालत नाही. तिथे न्यायालयाकडून पालक नेमून घेण्याचा लांबचा रस्ता उरतो. वडील धडधाकट असतानाच महाराष्ट्रातल्या मिळकतीचे मृत्युपत्र करणे आणि गरज असल्यास व्यवहार उरकणे, हाच त्यावर उपाय.

हक्कसोडपत्राचा प्रश्न वेगळा आणि नाजूक. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून हिंदू कुटुंबातल्या मुलींना एकत्र मिळकतीत मुलांइतका हक्क आहे. त्यामुळे परदेशी असलेल्या बहिणीची सही आता टाळता येत नाही. मग ‘तू कशाला येतेस, मलाच मुखत्यार कर’ असे भाऊ म्हणतो. तसे केले तर सोडणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या दोन्ही जागी एकाच माणसाची सही येते. असा दस्त पुढे वादात सापडायला वेळ लागत नाही. मुखत्यार तिसरी व्यक्ती असावी, आणि कुठल्या मिळकतीतला किती हिस्सा कोणाच्या लाभात सोडायचा, हे मुखत्यारपत्रातच लिहावे.

केवळ मुखत्यारपत्राने मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात २०११ साली स्पष्ट केले. खरेदीखत नोंदवावेच लागते.

करात मुखत्यार भारतात राहतो याला काही अर्थ नाही; विकणारा अनिवासी तो अनिवासीच. तरीही ५० लाख किंवा अधिक किमतीच्या घराला निवासी विक्रेत्यासाठी असलेली १ टक्का कपात करून मोकळे होणारे खरेदीदार भेटतात. अनिवासीच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के, वर अधिभार व उपकर, असा हिशेब आहे. व्यवहारात कपात पूर्ण किमतीवर होते, म्हणून कमी कपातीचा दाखला प्राप्तिकर खात्याकडून साठेखताच्या सुमारासच मागावा. विक्रीची रक्कम एनआरओ खात्यातून आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येते. अमेरिकी नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांनी हा नफा तिकडच्या विवरणपत्रातही दाखवायचा असतो, भारतात भरलेल्या कराची वजावट घेऊन. परदेशी खात्यांत मिळून कधीही १०,००० डॉलरवर रक्कम गेली, तर त्या खात्यांची माहितीही द्यावी लागते.

काम झाल्यावर मुखत्यारपत्र रद्द करावे. रद्द झाल्याचे बाहेरच्यांना कळेपर्यंत मुखत्याराने त्यांच्याशी केलेला व्यवहार मालकाला बांधील राहतो (करार अधिनियम, कलम २०८). म्हणून रद्दपत्र मुखत्याराला पोचते करावे, सोसायटी, बँक आणि दुय्यम निबंधकाला लेखी कळवावे, मिळकत मोलाची असेल तर स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्यावी आणि मूळ कागद परत मागून घ्यावा.