वाटपापुढचे पाऊल

दिवाळी आली की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील दातृत्व जागे होते. फराळ, ब्लँकेटे, कपडे यांचे वाटप होते. ते व्हावेच, परंतु फराळ चार दिवसांत संपतो आणि सिग्नलवर गजरे विकणारे मूल सिग्नलवरच राहते.

यावरचा मार्ग ठाण्यानेच दाखविला आहे. समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महानगरपालिका यांनी २०१६ साली तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली ‘सिग्नल शाळा’ सुरू केली. दुष्काळाने गाव सोडायला लावलेल्या कुटुंबांची मुले शाळेत जात नव्हती; म्हणून शाळाच कंटेनरमधून त्यांच्यापाशी आली. आधी आंघोळ, मग पोटभर खाणे आणि त्यानंतर धडे, हा क्रम या प्रयोगाचे मर्म सांगतो. २०१८ साली येथील दोन विद्यार्थी दहावी उत्तीर्ण झाले. संख्या लहान, पण त्या घरांच्या दृष्टीने ती पिढीपालट आहे.

२०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येकास दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला. शिधापत्रिका आता परगावीही चालते. तरीही ज्याला पत्ता नाही, कागद नाही, त्याच्या पदरी हा हक्क आपोआप पडत नाही. सोबत कार्यालयात जाणारा, अर्ज भरून देणारा कुणी लागतो.

प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने एका कुटुंबाची शिधापत्रिका आणि एका मुलाची शाळा एवढे दायित्व वर्षभर पत्करावे. समाजाचे ऋण फेडण्याचा याहून सरळ मार्ग नाही.