मोटारीची गंमत आणि रस्त्याचा कान

आमच्या आगाशीच्या घरीं मोटार घेणें हें लग्न ठरविण्याहून सोपें काम नाहीं. तिघे भाऊ, तिघी जावा, मुलेंबाळें आणि सर्वांच्या वर आमची आत्या, असा चौदा माणसांचा संसार. त्यांत मोटार चालविणारे पांच जण. जुनी गाडी आतां थकली, नवी घ्यावी आणि ती विजेवर चालणारी असावी, एवढ्यावर एकमत होण्यासच दोन महिने गेले. त्यानंतर खरा वाद पेटला. आणि तो किंमतीवरून नव्हे, तर गाडीनें विनोद सांगावेत कीं नाहीं, यावरून!

झालें असें. संगणकाच्या धंद्यांत असलेल्या आमच्या धाकट्या भावाच्या मुलानें तीन-चार कंपन्यांच्या माहितीपुस्तिका जमविल्या आणि एका रविवारीं जेवणें आटोपल्यावर ओटीवर बसून त्यांचें जाहीर वाचन केलें. एका गाडीचे दिवे म्हणे गाण्याच्या तालावर नाचतात. दुसरीशीं गप्पा मारतां येतात. तिसरीच्या पडद्यावर शेकोटी पेटते, खेळ खेळतां येतात, आणि मनांत आलें तर शेजारीं बसलेल्या माणसाच्या आसनाखालून असा कांहीं आवाज काढतां येतो, कीं ज्याचें नांव या पानांत छापणें प्रशस्त होणार नाहीं. मुलें हंसून हंसून लोळलीं. आमचे मधले बंधू मात्र कपाळाला आंठी घालून म्हणाले, "पैसे मोटारीसाठीं मोजावयाचे, कीं तमाशासाठीं?"

"काका," पुतण्या म्हणाला, "गाडी म्हणजे आतां चार चाकांवरचा संगणकच. त्यांत थोडी गंमत असली, तर बिघडलें कोठें?"

हा प्रश्न दिसावयास पोरकट असला, तरी तो तसा नाहीं. अशा गाड्या आज ना उद्यां आपणां सर्वांच्या दारांत उभ्या राहणार आहेत. म्हणून मोटारीच्या सॉफ्टवेअरमध्यें थट्टामस्करीला जागा असावी काय, आणि असल्यास ती किती, याचा या महिन्यांत थोडा विचार करूं.

प्रथम हें लक्षांत घेतलें पाहिजे, कीं ही कांहीं सातासमुद्रांपलीकडची गोष्ट राहिलेली नाहीं. वर सांगितलेला अप्रशस्त आवाज २०१८ च्या डिसेंबरांत आपल्या गाड्यांत घालणाऱ्या टेस्ला कंपनीनें १५ जुलै २०२५ रोजीं मुंबईस वांद्रे-कुर्ला संकुलांत आपलें हिंदुस्थानांतील पहिलें दालन उघडलें. एम. जी. कंपनीच्या ॲस्टर गाडींत २०२१ सालापासून चालकापुढें एक इवलेंसें यंत्रबाहुलें बसलेलें असतें. तें बोलतें, मान वळवितें आणि त्याला आवाज दिला आहे सुप्रसिद्ध खेळाडू दीपा मलिक यांनीं. महिंद्र कंपनीनें २६ नोव्हेंबर २०२४ रोजीं ज्या दोन विजेच्या गाड्या लोकांपुढें आणल्या, त्या तर आपल्या पुण्याजवळच्या चाकणला तयार होतात. आणि त्यांच्यासाठीं ध्वनिरचना केली आहे ए. आर. रहमान यांनीं.

या शेवटच्या गोष्टींत एक मोठा फरक दडलेला आहे. पूर्वीं मोटारीचा आवाज हा यंत्राचा असे. तो कर्कश असेल, पण खरा असे. विजेची गाडी मुळांत मुकी. तिला बोलतें करावें लागतें. म्हणजे तिचा आवाज आतां 'होत' नाहीं, तर कोणीतरी तो 'रचतो'. आणि जी वस्तु रचतां येते, तिच्याशीं खेळतांहि येतें.

गंमतीला वैरी समजणारांपैकीं मी नाहीं. किंबहुना संगणकाच्या आज्ञावलींत गंमत लपविण्याची जी चाल आहे, तिचा उगम ऐकून माझें मन द्रवलें. अमेरिकेंतील अटारी या कंपनीचे खेळ रचणाऱ्या कारागिरांचीं नांवें त्या खेळांवर छापलीं जात नसत. तेव्हां वॉरन रॉबिनेट नांवाच्या गृहस्थानें १९८० च्या सुमारास आपल्या 'ॲडव्हेंचर' या खेळांत एक गुप्त खोली बांधली आणि तींत आपलें नांव लिहून ठेविलें. ज्याला ती सांपडेल, त्यालाच तें दिसावयाचें. अशा लपविलेल्या गंमतींना संगणकवाले 'ईस्टरचें अंडें' म्हणतात. कारागिरानें आपल्या कामांत आपली एक खूण ठेवावी, यांत वाईट काय?

शिवाय वाहन नटविण्याची हौस आपल्याला का नवी आहे? बैलांच्या शिंगांना बेगड, पाठीवर झूल आणि गळ्यांत घुंगुरमाळ घातल्यावांचून गाडी जुंपणें जुन्या शेतकऱ्याला ओकेंबोकें वाटे. परंतु या घुंगुरमाळेचा थोडा बारकाईनें विचार करावा. ती निव्वळ शोभा नव्हे. वाडीच्या वळणावर, केळीच्या आडोशाला, अंधारांत गाडी दिसण्यापूर्वींच ती सांगे, कीं बैल येत आहेत. आणि ते पाऊल टाकीत येत आहेत कीं दौडत, हेंहि तिच्या तालावरून कळे. हौस मालकाची, सूचना वाटसरूची, आणि दोन्ही एकाच नादांत! तेथें गंमत आणि सत्य यांचें भांडण नव्हतें.

तें भांडण कोठें सुरू होतें, हें त्या रविवारीं आम्हांस आत्यानें समजावून दिलें. ती अठ्याहत्तर वर्षांची आहे. दृष्टि मंद झाली आहे. कान मात्र तल्लख. इतका वेळ ती निमूटपणें वाती वळीत होती. ती म्हणाली, "श्रावणांतली गोष्ट मी तुम्हांला सांगितली नाहीं; सांगितली असती, तर तुम्हीं मला एकटीला देवळांत जाऊं दिलें नसतें."

सोमवारीं ती भवानीशंकराच्या देवळाकडे निघाली होती. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंस कुंपणें. इतक्यांत पाठीमागून आरतीचे सूर ऐकूं आले. कोणाच्या घरीं पूजा असेल, असें समजून ती जागच्या जागीं थांबली, वळली आणि डोळे मिटून तिनें हात जोडले. ते सूर एका फाटकांतून उलट्या चालीनें बाहेर येणाऱ्या मोटारीचे होते! मागें येतांना शिट्टी वाजण्याऐवजीं आरती वाजावी, अशी योजना मालकानें हौसेनें करून घेतली होती. एका फुलवालीनें आत्याचा दंड धरून तिला बाजूस ओढलें, तेव्हां मोटार अवघ्या हातभर अंतरावर होती. "मी देवाला हात जोडले," आत्या म्हणाली, "आणि आली गाडी!"

ओटीवर कोणी बोलेना. मालकाचा हेतु वाईट नव्हता. सूरहि मधुर होते. दोष मधुरतेंत नव्हता. तो आवाज खोटें बोलला, यांत होता. 'दूर हो' असें सांगावयाच्या ठिकाणीं तो 'थांब आणि नमस्कार कर' असें सांगत होता.

हेंच मोठ्या प्रमाणावर परदेशांत घडून चुकलें आहे. टेस्ला कंपनीनें २०२० च्या डिसेंबरांत आपल्या गाड्यांना अशी सोय दिली, कीं बाहेरच्या कर्ण्यांतून बोकडाचें बेंबटणें, टाळ्या, आइस्क्रीमवाल्याची धून, वाटेल तें वाजवावें. आतां, विजेच्या गाडीनें मंद गतीनें चालतांना पादचाऱ्यांना, विशेषतः अंध माणसांना ऐकूं जाईल असा ठराविक आवाज केला पाहिजे, असा तिकडे कायदा आहे. या गंमतीच्या आवाजांत तो सूचनेचा आवाज बुडून जाऊं शकतो, असें ठरलें. आणि २०२२ च्या फेब्रुवारींत ५,७८,६०७ गाड्यांची दुरुस्ती कंपनीला जाहीर करावी लागली. गाडी चालूं असतांहि पडद्यावर खेळ खेळूं देण्याची दुसरी एक सोय होती. २०२१ च्या डिसेंबरांत अमेरिकेच्या महामार्ग-सुरक्षा खात्यानें तिची चौकशी आरंभिली, तेव्हां गाडी चालूं असतांना ती बंद ठेवण्याचें कंपनीनें मान्य केलें. पुढें २०२४ च्या फेब्रुवारींत सुमारें २२ लाख गाड्यांच्या बाबतींत असें आढळलें, कीं पडद्यावरील ब्रेक वगैरेंच्या इशाऱ्यांचीं अक्षरें नियमाहून लहान आहेत. ज्या पडद्यावर शेकोटीला ऐसपैस जागा होती, तेथें ब्रेकच्या इशाऱ्याचीं अक्षरें मात्र आंखडलेलीं!

आपल्याकडचा कायदा या बाबतींत अगदींच मुका नाहीं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११९ वा नियम एकामागून एक निरनिराळे सूर काढणाऱ्या हॉर्नला मनाई करतो. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना वेगाचा इशारा सक्तीचा झाला. ताशी ८० किलोमीटरच्या पुढें तो मधून मधून वाजतो, आणि १२० च्या पुढें अखंड. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून जातांना हा आवाज कानाला गोड लागत नाहीं. पण त्यानें गोड लागावें, अशी कोणाची अपेक्षाहि नाहीं. विजेच्या गाड्यांना पादचाऱ्यांसाठीं सूचनेचा आवाज सक्तीचा करावा, असा मसुदा केंद्र सरकारनें २०२५ च्या सप्टेंबरांत प्रसिद्ध केला. नव्या नमुन्यांना १ ऑक्टोबर २०२६ पासून आणि चालूं नमुन्यांना १ ऑक्टोबर २०२७ पासून तो लागू व्हावा, असें त्यांत सुचविलें होतें. म्हणजे शेतकऱ्याची घुंगुरमाळच पुनः आली, असें म्हणावयास हरकत नाहीं!

येथें एक प्रामाणिक शंका निघेल. आपले नितीन गडकरी यांनीं २०२१ च्या ऑक्टोबरांत नाशिकच्या समारंभांत बोलून दाखविलें होतें, कीं मोटारींचे हॉर्न बांसरी, तबला, व्हायोलिन अशा आपल्या वाद्यांच्या नादाचे असावेत. २०२५ च्या एप्रिलांतहि त्यांनीं तो विचार पुनः मांडला. वसई स्टेशनाबाहेर सायंकाळीं दहा मिनिटें उभें राहिलेल्या कोणालाहि त्यामागची तळमळ पटेल. माझें म्हणणें एवढेंच, कीं गोडवा असावा, पण तो सर्व गाड्यांचा एकच असावा आणि त्याचा अर्थहि एकच असावा. देवळाची घंटा, आगगाडीची शिट्टी, चर्चची घंटा, या आपल्या गांवांत रोज ऐकूं येतात. कोणती कशासाठीं, हें लहान मूलहि जाणतें. रोज नवा नाद काढणारी घंटा कोणालाच कांहीं सांगत नाहीं.

सॉफ्टवेअरची गंमत ही जुन्या हौसेहून आणखी एका बाबतींत निराळी आहे. आरतीचें यंत्र मालकानें पैसे देऊन बसविलें होतें. आतां नवी करामत रात्रीं, गाडी दारांत उभी असतां, हवेंतून आंत येते. सकाळीं पडद्यावरचें एखादें चित्र हललेलें असतें, एखादें बटण दुसरीकडे गेलेलें असतें. एकट्या माणसाच्या गाडींत हें खपेल. आमच्यासारख्या घरांत, सकाळीं जी गाडी भावजय विरारला शाळेंत नेते, तीच दुपारीं मी बँकेंत नेतों आणि रात्रीं पुतण्या स्टेशनवर. त्यानें हौसेनें केलेला बदल मला पावसांत, खड्डा चुकवितांना कळावा, हें बरें नव्हे. एकत्र कुटुंबांतल्या स्वयंपाकघरांत मिठाचा डबा कोणी गंमतीनेंहि हलवीत नाहीं!

शेवटीं आमच्या घरीं तीन गोष्टी ठरल्या. वाचकांस पटल्या तर त्यांनींहि त्या पाहाव्या. पहिली, गाडी उभी असतां आंतल्या माणसांनीं वाटेल ती मौज करावी. चाक फिरूं लागलें, कीं खेळ बंद. दुसरी, गाडीच्या बाहेर जाणारा आवाज आणि प्रकाश हा मालकाचा नव्हे, तो रस्त्याचा. त्याच्याशीं खेळ नाहीं. तिसरी, नवी कांहीं करामत गाडींत आली, तर ती चालविणाऱ्या पांचहि जणांना सांगितल्यावांचून सुरू करावयाची नाहीं. या अटींत बोलकें बाहुलें बसतें, शेकोटी बसते. दिवाळींत अंगणामध्यें दिवे नाचविण्यासहि आमची ना नाहीं. तो अप्रशस्त आवाज मात्र मधल्या बंधूंच्या आसनाखालीं वाजवूं नये, एवढें मुलांना बजावून ठेविलें आहे.

निवड कशी झाली, तें सांगून हें संपवितों. तीन दुकानदारांनीं आपापली गाडी दाखविण्यासाठीं घरीं पाठविली. प्रत्येक वेळीं आत्या रस्त्याकडे पाठ करून फाटकाशीं उभी राहिली, मी तिचा हात धरला आणि पुतण्यानें गाडी सावकाश मागून आणली. पहिली जवळ येऊन थांबली, तरी तिला पत्ता नव्हता. दुसरीचा आवाज ऐकून ती म्हणाली, "कोणाच्या घरचें गिरणीचें यंत्र का रे?" तिसरी अजून नारळाच्या झाडापलीकडे होती, तोंच तिनें माझा हात दाबला आणि ती कुंपणाकडे सरकली. ती गाडी आम्हीं घेतली. तिला विनोद येतात कीं नाहीं, हें विचारावयाचें राहूनच गेलें.