दातांची ढाल

झोपेत मूल दात खाऊ लागले की पोटात जंत झाले असावेत, असे निदान घरोघर केले जाते. मोठ्या माणसाची हीच खोड हसण्यावारी नेली जाते. परंतु दातांवरचे कवच एकदा झिजले की पुन्हा वाढत नाही, आणि जबड्याच्या सांध्याचे दुखणे तर घास चावणेही कठीण करते.

अशा रुग्णाच्या दातांचे माप घेऊन कठीण ॲक्रिलिकची पट्टी बनवितात व ती रात्री दातांवर बसवितात. मग दाताऐवजी पट्टी झिजते, दाबही सर्व दातांवर विभागला जातो. मात्र तिने सवय मोडतेच असे नाही. आणि जबड्याची वेदना तिने कमी होते यास पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष ब्रिटनमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक समीक्षेने काढला.

म्हणून पट्टीला रामबाण म्हणून खपविणे जसे गैर, तसेच तिला निरुपयोगी ठरविणेही गैर. पट्टी नकोशी झाल्यास काढून ठेवता येते. जबडा दुखतो म्हणून कानशीने घासलेला दात परत मिळत नाही. दंतवैद्याने ढालीला ढालच म्हणावे, औषध म्हणू नये. रुग्णाचा विश्वास त्यानेच टिकेल.