एक जानेवारी कळली, वीस मार्च कधी?

मा. संपादक,

डिसेंबर सरत आला की आपल्या दैनिकाच्या ग्रामीण पानावर एक बातमी न चुकता येते: १ जानेवारीला कोरेगावच्या लढाईच्या विजयस्तंभाला अभिवादन, त्यानिमित्त नगर रस्त्याच्या वाहतुकीत बदल. नगरकडून येणारी वाहने न्हावरे, पारगाव, चौफुला, यवतमार्गे हडपसरकडे वळवली जातात. शिरूर आणि दौंड तालुक्यांचा त्या दिवसाशी एवढाच संबंध असल्यासारखे आपण वागतो. आमच्या न्हावऱ्यात त्या दिवशी उसाच्या ट्रॉल्यांमागे कंटेनर, कंटेनरमागे एसटी, आणि टपरीवर एकच विषय: रस्ता कधी मोकळा होणार? २०१८ मध्ये त्या दिवशी झालेल्या दगडफेकीनंतर बातमीत बंदोबस्ताच्या आकड्यांची भर पडली.

बातमी खोटी नाही, पण ती तिथेच संपते ही माझी तक्रार आहे. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशी आले, त्याला २०२७ मध्ये शंभर वर्षे होतील. कमानी लागतील, फ्लेक्स लागतील, बंदोबस्त दुप्पट होईल. मात्र १९२७ या वर्षाचा अर्थ स्तंभापाशीच थांबून उमगणार नाही. त्यासाठी अकरा आठवडे पुढे सरकून महाडला जावे लागेल.

बाबासाहेबांच्या आधीपासून या स्तंभाचे महत्त्व सांगणारे पुण्याचे शिवराम जानबा कांबळे. १९०८ मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ हे नियतकालिक काढणारा हा माणूस सरकारकडे अर्जांवर अर्ज करत होता: आमच्या महार पूर्वजांनी तुमच्यासाठी रक्त सांडले, मग आता आम्हाला लष्करात घेत का नाही? स्तंभ त्या अर्जाचा पुरावा होता. बाबासाहेबांनीही कोरेगावात इंग्रजांना त्यांचा कृतघ्नपणा सुनावला. तेव्हा ‘स्तंभ म्हणजे इंग्रजांची भलामण’ असे म्हणणाऱ्यांनी हा भाग एकदा वाचावा.

आता महाड. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला होता. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले होते, पण ते कागदावर. मार्च १९२७ मध्ये महाडला झालेल्या अस्पृश्यांच्या परिषदेला आलेल्यांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. गावात तळे भरलेले असताना! २० तारखेला बाबासाहेब मिरवणुकीने तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्याले, मागोमाग बाकीचे प्याले. मग हे लोक वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठली आणि परतीच्या तयारीत असलेल्या, जेवत बसलेल्या माणसांवर लाठ्या पडल्या.

आलेल्यांत लष्करातून पेन्शनीत निघालेले शिपाई होते. कोरेगावात ज्यांच्या वाडवडिलांच्या शौर्याचा गौरव झाला, त्याच परंपरेतली ही माणसे. एक इशारा पुरला असता. बाबासाहेबांनी तो दिला नाही, उलट त्यांना आवरले. पुढे हल्लेखोरांपैकी काहींना कोर्टातून शिक्षा झाल्या. सनातन्यांनी शेण-गोमूत्राच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करून घेतले, ते वेगळेच. लढाईचा वारसा सांगणाऱ्यांनी त्या दुपारी उगारलेला हात खाली घेतला, हे मला कोरेगावच्या लढाईइतकेच मोठे वाटते.

त्याच वर्षीच्या डिसेंबरातली कसोटी तर त्याहून कठीण होती. नगरपालिकेने तळे खुले करण्याचा ठराव मागे घेतलेला, हजारो लोक सत्याग्रहाला जमलेले, आणि ऐन वेळी दिवाणी कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम. जमाव पेटलेला होता, तरी बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करायला लावला. लोक तळ्याभोवती मिरवणुकीने फिरले आणि पाण्याला न शिवता परतले. १९६५ च्या मार्चमध्ये अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग सेल्माच्या पुलावरून असेच मोर्चा घेऊन माघारी फिरले होते, कोर्टाच्या हुकुमामुळेच. सहकाऱ्यांचा रोषही त्यांनी पत्करला. परवानगी मिळाल्यावर मोर्चा माँटगोमेरीपर्यंत गेला. महाडच्या सत्याग्रहींना मात्र निकालासाठी १७ मार्च १९३७ पर्यंत थांबावे लागले. तळ्यावर गेल्यापासून दहा वर्षांना तीन दिवस कमी! अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची अनादी काळापासूनची वहिवाट सिद्ध होत नाही, असे मुंबई हायकोर्टाने ठरवले. निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड. १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच.

काही मित्र म्हणतात, अहिंसा गांधीजींची, ती बाबासाहेबांना कशाला चिकटवता? बाबासाहेबांनी अहिंसेचे व्रत घेतले नव्हते, हे खरेच. पण डिसेंबरच्या मंडपात फोटो लावला होता तो गांधीजींचा, आणि मंडपाला जागा दिली ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने. वाटा नंतर फुटल्या. व्रत नसताना, अंगावर लाठ्या पडत असताना पाळलेली शिस्त मला व्रतापेक्षा अवघड वाटते.

अलीकडे १ जानेवारीला येणाऱ्यांचे परिसरातले गावकरी फुले देऊन, पाणी देऊन स्वागत करतात. फार चांगली गोष्ट आहे, ती चालू राहावी. पण तहानलेल्याला पाणी पाजणे हे पुण्य झाले. महाडचा झगडा आपल्या हाताने पाणी घेण्याचा होता, कुणाच्या मेहेरबानीने मिळणाऱ्या तांब्याचा नव्हता. म्हणून आपापल्या गावात विचारावे: स्मशानभूमी एक की दोन? वस्तीकडे नळाची लाइन गेली ती आधी की शेवटी? जत्रेच्या पंचमंडळीत कोण असते, कोण नसते? अडचण होते ती या प्रश्नांनी; स्तंभाला हार घालून कुणाचीच होत नाही.

शिरूर आणि दौंडमधल्या प्रत्येक ग्रामपंचायतीने या प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत आणि २० मार्च २०२७ रोजी ग्रामसभेत वाचून दाखवावीत. आपल्या दैनिकाने ती छापावीत, वाहतूक बदलाच्या बातमीला देता तेवढी जागा देऊन. त्या दिवशी शनिवार आहे, शाळा सकाळची असते. दुपारी शाळेच्याच पटांगणात सभा घेता येईल.

आपला,
एक वाचक
न्हावरे, ता. शिरूर, जि. पुणे