पोटभर जेवणारा अडाणी नसतो

दिल्लीत नोकरीला लागलेली आपली मुलं पहिल्या-दुसऱ्या पगारात एखाद्या महागड्या हॉटेलात जाऊन येतात. भल्यामोठ्या पांढऱ्या ताटलीच्या मधोमध दोन घासांचा पदार्थ, असे आठ-दहा पदार्थ, आणि दोघांचं बिल पाच आकडी. यावर नातेवाईकही हसतात आणि क्रांतिकारी मित्रही. मला हसू येत नाही. ज्याच्या आजोबांसाठी चहाच्या टपरीवर वेगळी कपबशी होती, त्या नातवासाठी कुणी अदबीनं खुर्ची ओढतं, जात न विचारता वाढतं. ही ओढ खरी आहे. पैसा घामाचा आहे, खुशाल जा.

माझं भांडण आहे ते तिथून सोबत आणलेल्या प्रवचनाशी. थोडं खाणं म्हणजे अभिरुची, भरलेलं ताट म्हणजे हावरटपणा. माझ्या डब्यातल्या तीन भाकऱ्या बघून एका सहकाऱ्यानं विचारलं होतं, "तुमच्याकडे सगळे एवढं जेवतात?" 'तुमच्याकडे' या शब्दात काय काय बसतं, हे तुम्हाला सांगायला नको.

सुटीच्या दिवशी मी कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात जेवायला जातो. या रस्त्याचं इंग्रजी अमदानीतलं नाव लिटन रोड. लिटन म्हटलं की 1877 आठवावं. 1 जानेवारीला व्हाईसरॉय लिटननं दिल्लीत दरबार भरवला, राजेरजवाड्यांच्या मेजवान्या झडल्या. तेव्हा दख्खन दुष्काळानं होरपळत होतं. त्याच वर्षी सर रिचर्ड टेंपलनं दुष्काळी कामावरच्या पुरुष मजुराचं माप ठरवलं: दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे सुमारे 450 ग्रॅम, आणि वर एक आणा. बाया आणि पोरांना त्याहून कमी. एवढ्यावर माणूस जगतो, असा सरकारी हिशेब होता. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी या मापाविरुद्ध कामं सोडली. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या सत्यशोधक समाजानं धनकवडीला उपाशी मुलांसाठी बालाश्रम चालवला. मुलांनी कमी खावं, असा उपदेश त्यांनी केला नाही. त्यांनी जेवू घातलं.

आता 1973 घ्या. फ्रान्समध्ये आंरी गो आणि क्रिस्तियाँ मियो या दोन समीक्षकांनी नव्या स्वयंपाकाची दहा सूत्रं मांडली: हलके रस्से, ताजा माल, साधेपणा. मोठ्या ताटलीतला लहान घास याच लाटेबरोबर जगभर पसरला. त्याच वर्षी महाराष्ट्रात बाहत्तरच्या दुष्काळाची कामं चालू होती. मे महिन्यात जवळपास 50 लाख माणसं त्या कामांवर होती. माझी आजी त्यांच्यात खडी फोडत होती. पोटात सुकडी आणि अमेरिकेची तांबडी मिलो. तिचाही घास लहानच होता, पण त्याला कुणी अभिरुची म्हटलं नाही. घास तेवढाच असला तरी एकीकडे तो निवड असतो, दुसरीकडे शिक्षा. ज्याला पुढच्या जेवणाची खात्री आहे, त्यालाच अर्धी ताटली सुंदर दिसते.

कुणी म्हणेल, दहा पदार्थ मिळून पोट भरतंच, आणि त्यामागे आचाऱ्यांचे तासन्‌तास कष्ट असतात. मान्य. त्या कष्टांचे पैसे जरूर द्या. पण तिथे माप आचारी ठरवतो, आणि "अजून वाढा" म्हणणाऱ्याकडे सगळं टेबल वळून बघतं. आपल्यासाठी हे नवं नाही. शूद्राला उष्टं अन्न द्यावं, असं सांगणारी मनुस्मृती बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला जाळली गेली. आपण काय, किती आणि कुणाच्या नंतर खायचं, हे दुसऱ्यानं ठरवण्याला तो नकार होता. म्हणून मी गावच्या पंगतीचेही गोडवे गाणार नाही. तिथे आग्रह होता, पण आपली माणसं बाहेर बसून शेवटी जेवत होती.

आणि त्या ताटलीत आपलं काय पोचतं तेही बघा. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि ज्वारी-नाचणीला 'मिलेट' नावानं भाव आला. चान्या, रक्ती, वजडी मात्र बाहेरच राहिल्या. शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाची नोंद केली, तेव्हा पुस्तकाला नाव दिलं 'अन्न हे अपूर्णब्रह्म'. पूर्णब्रह्म म्हणणाऱ्यांच्या ताटात तूप होतं. आपल्या कालवणात तेलही जपून पडायचं.

पदवी घेतलेल्या माझ्या भावा-बहिणींनो, काटा-चमचा शिका, मेनूतले फ्रेंच शब्द शिका, त्यात कमीपणा नाही. फक्त भुकेची लाज शिकू नका. गावाहून आई आली आणि तुमच्या मित्रांसमोर तिनं दुसऱ्यांदा भात मागितला, तर डोळे वटारू नका. आधी तिला वाढा, मग त्याच भांड्यातून स्वतःलाही घ्या.

जय भीम.