लॅपटॉप टाकण्याआधी डिस्क बदलून पाहा

सहा-सात वर्षांचा लॅपटॉप सुरू व्हायला चार-पाच मिनिटे घेऊ लागला, की घरात नव्या लॅपटॉपची चर्चा सुरू होते. धाप लागलेल्या रुग्णाची साधी रक्ततपासणीही न करता थेट शस्त्रक्रिया सुचवावी, तसाच हा प्रकार. पुष्कळदा लॅपटॉपचा बाकी देह धडधाकट असतो. थकलेली असते ती फक्त हार्ड डिस्क.

हार्ड डिस्कमध्ये एक चकती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि माहिती वाचणारे टोक तिच्यावर सतत इकडून तिकडे सरकत असते. वेळ जातो तो या सरकण्यात. सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये, म्हणजे एसएसडीत, हलणारा भागच नसतो. माहिती फ्लॅश मेमरीच्या चिपमध्ये विद्युतभाराच्या रूपात साठते. लॅपटॉपची हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी माहिती वाचते, साटा एसएसडी ५०० एमबीपर्यंत जाते आणि एनव्हीएमई एसएसडी त्याच्याही कितीतरी पुढे.

हा प्रश्न केवळ वेगाचा किंवा पैशाचा नाही, आरोग्याचाही आहे. २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला. त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे तो जेमतेम २२.३ टक्के. उरलेल्यापैकी बराच माल दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत पोहोचतो. तिथे उघड्या हातांनी सर्किट बोर्ड तोडले जातात, तारा जाळल्या जातात, धातूसाठी आम्ल वापरले जाते. त्यातून शिसे आणि कॅडमियम हवेत, मातीत उतरते. पोटात गेलेले शिसे लहान मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषले जाते आणि वाढत्या मेंदूला इजा करते. शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही. या धोक्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्वतंत्र अहवाल काढून इशारा दिला. आपल्या घरातला लॅपटॉप आणखी तीन-चार वर्षे चालला, तर तेवढा कचरा तेवढा काळ टळतो.

मात्र खरेदीआधी थोडी तपासणी हवी. जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा ड्राइव्ह बसतो. नंतरच्यांत बहुधा एम.२ स्लॉट असतो. तो स्लॉट साटाचा आहे की एनव्हीएमईचा, हे मॉडेल क्रमांकावरून पाहावे, कारण दोन्ही कार्डे दिसायला सारखीच असतात. काही पातळ लॅपटॉपमध्ये साठवणूक बोर्डावरच जोडलेली असते, ती बदलता येत नाही. दोन ड्राइव्हची सोय असेल, तर विंडोज एसएसडीवर टाकून जुनी डिस्क फोटो-व्हिडिओंसाठी ठेवता येते. काम दुकानदाराकडे दिले तरी बॅकअप आधी स्वतः घ्यावा आणि बिटलॉकर सुरू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवावी.

एसएसडी हा सर्व दुखण्यांवरचा इलाजही नाही. रॅम अपुरी असेल, तर तीही वाढवावी लागते. प्रोसेसर फार जुना असेल, तर त्याला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. हार्ड डिस्क बंद पडण्याआधी पुष्कळदा कुरकुरते. एसएसडी काही वेळा एका क्षणात गप्प होतो आणि मग माहिती परत मिळवणे अवघड असते. शिवाय विजेविना दीर्घकाळ कपाटात पडलेल्या एसएसडीतली माहिती पुसट होऊ शकते. म्हणून बॅकअपला पर्याय नाही.

काढलेल्या डिस्कचाही विचार हवा. तिच्यात घरच्यांचे तपासणी अहवाल, डिस्चार्ज कार्डे, आधारच्या प्रती असतात. फाइल डिलीट केली म्हणजे ती पुसली जात नाही. डिस्क पूर्ण पुसल्याशिवाय भंगारवाल्याला देणे म्हणजे आजाराची फाइल रस्त्यावर टाकण्यासारखे आहे.

ई-कचऱ्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. पण कचरा होऊच न देणे ग्राहकाच्या हातात आहे. दुकानात शिरताच ‘नवा कोणता?’ असे विचारण्याआधी ‘यात एसएसडी बसेल का?’ एवढे विचारावे.