रोज्यांचे खाडे

ईद होऊन दोन-चार महिने उलटलेले असतात आणि ऑफिसात डब्याच्या वेळी कुणीतरी विचारतंच, "तुमचा रमजान संपला ना? मग आज कसला उपवास?" विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण आमच्यातल्या बहुतेक बायका "असाच धरलाय, नफिल आहे" असं काहीबाही सांगून मोकळ्या होतात. नफिल म्हणजे ऐच्छिक. खरं उत्तर एका शब्दाचं असतं, कजा. तो शब्द उच्चारला की पुढचा प्रश्न येणार, रमजानमध्ये का नाही धरला? आणि त्याचं उत्तर द्यायला लाज वाटते. आज या लाजेबद्दलच लिहायचंय. नात्यातली मंडळीही इथे वाचतात हे ठाऊक असून लिहितेय.

ब्लॉगवरच्या इतर मित्रमंडळींसाठी आधी थोडं. रमजानमध्ये राहिलेला रोजा नंतर भरून काढणं म्हणजे कजा. आजारी आणि प्रवासातल्या माणसाला सवलत आहे. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला, स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाला त्रास होईल अशी भीती असेल तर सवलत आहे. पाळीत आणि बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाच्या दिवसांत तर सवलत नाही, मनाईच आहे, त्या दिवसांत रोजा होतच नाही. कुरआनमध्ये सूरह बकरात रोज्यांचा हुकूम येतो तिथेच आजारी आणि प्रवासी माणसाने ते दिवस नंतर भरून काढायची मुभाही येते. दोन्ही एका दमात. तिथला सगळा सूर माणसाची अडचण समजून घेणारा आहे. हिशोब एकास एक, पाच राहिले तर पाच. सलग धरायचीही सक्ती नाही, सवडीने धरा. दोन ईद आणि बकरीदनंतरचे तीन दिवस तेवढे टाळायचे.

कित्येकांच्या डोक्यात "एका रोज्याला साठ रोजे" असं पक्कं बसलंय. ते साठ म्हणजे कफ्फारा, आणि तो रमजानचा रोजा धरून जाणूनबुजून मोडणाऱ्याला. हनफी मताप्रमाणे खाऊन मोडला तरीही, शाफई मताप्रमाणे फक्त शरीरसंबंधाने मोडला तर. पाळीमुळे, तापामुळे राहिलेल्या रोज्याचा त्या साठाशी काहीएक संबंध नाही. हे मुद्दाम सांगते, कारण या साठाच्या धास्तीने कजाचं नावच न काढणाऱ्या बायका मी पाहिल्यात. असो.

आता नियत. तुमच्याकडे पूजेआधी संकल्प सोडतात, तसंच काहीसं. मनात ठरवणं, की मी हे अमुक करतोय आणि अल्लाहसाठी करतोय. बुखारीच्या हदीस-संग्रहातली पहिलीच हदीस नियतीची आहे, हजरत उमर यांच्याकडून आलेली. कामाचं मोल नियतीवर, असा तिचा मतलब. नियत तोंडाने म्हणायलाच हवी असं नाही, मनातली पुरते. रमजानच्या टाइमटेबलावर खाली अरबी नियत छापलेली असते, ती पाठ करून म्हणायची सवय घरोघरी आहे. पण त्या छापील नियतीत चालू रमजानचं नाव आहे. डिसेंबरात कजा धरताना तीच घडाघडा म्हणण्यात काय हशील? त्यापेक्षा झोपताना मराठीत मनाशी म्हणावं, उद्या माझा रमजानचा राहिलेला रोजा. झाली नियत.

माझं माहेर कोकणातलं, म्हणजे शाफई. सासर सोलापूरचं, हनफी. त्यामुळे लग्नानंतरचा पहिला रमजान या दोन मतांच्या तुलनेतच गेला. शाफईंत रमजानच्या प्रत्येक रोज्याची नियत आदल्या रात्रीच, पहाट फुटायच्या आत व्हायला हवी. हनफींत चालू रमजानच्या रोज्याला सूट आहे. सहरीला जाग आली नाही आणि सकाळपासून तोंडात काही घातलेलं नाही, तर दुपार व्हायच्या आत नियत केली तरी चालते. (मालिकींत तर महिन्याच्या सुरुवातीची एकच नियत सगळ्या सलग रोज्यांना पुरते, पण आपल्याकडे मालिकी शोधूनही सापडायचे नाहीत.) कजाच्या बाबतीत मात्र कोकण आणि सोलापूर यांचं एकमत आहे. कजाची नियत पहाटेच्या आतच. आणि नुसतं "रोजा आहे" एवढं पुरत नाही, कजाचा आहे हे मनात स्पष्ट हवं.

म्हणजे असं, की सकाळी अकरा वाजता एखादीच्या लक्षात येतं, अरे, कामाच्या गडबडीत आज चहासुद्धा घेतला नाही, चला, यालाच कजा समजू. नाही चालत. फार तर तो नफिल होईल, खात्यातला एकही कमी होणार नाही. हनफी फिकहच्या जुन्या पुस्तकांत एक छान उदाहरण आहे. "उद्या कुणाचं जेवणाचं बोलावणं आलं तर नाही, नाहीतर रोजा" अशी नियत कुणी केली, तर ती नियतच नव्हे. वाचलं तेव्हा हसू आलं होतं, कारण निम्म्या बायकांची नियत अशीच असते. उद्या पाहुणे आले नाहीत तर. उद्या सासऱ्यांचं पथ्याचं काही करायचं नसलं तर. उद्या मुलांनी लवकर उठवलं नाही तर. त्या बिचाऱ्यांचं मन डळमळीत नसतं हो. त्यांचा उद्याचा दिवस त्यांच्या हातात नसतो.

आणि माझा मुद्दा इथूनच सुरू होतो. कजाची नियत रात्रीच व्हायला हवी असेल, तर ती एकट्या बाईची खाजगी भानगड राहूच शकत नाही. रात्री ठरवायचं म्हणजे उद्याचा स्वयंपाक, डबे, पाहुणे, सगळं धरून ठरवायचं. त्यासाठी घराला माहीत असायला हवं. आणि घराला सांगायचं नाही, हीच तर आमची रीत!

रमजानमध्ये काय चालतं ते आठवा. जिची "नमाज नाही" (हा आमच्याकडचा पाळीसाठीचा शब्द) तीसुद्धा पहाटे उठून सगळ्यांबरोबर सहरीला बसते, दिवसभर तोंड सुकवून हिंडते, पाणी प्यायचं तर मोरीत जाऊन किंवा स्वयंपाकघराचं दार लोटून. दीर, सासरे, वाढत्या वयाची मुलं यांच्यासमोर घोट घ्यायचा नाही. रोजेदारांसमोर खाऊ नये हा अदब मला मान्य आहे, पूर्णपणे. पण अदब वेगळा आणि रोजा असल्याचं नाटक वेगळं. शरियतने जिला खा म्हटलंय तिला घराने उपाशी ठेवायचं आणि त्या उपासाचा हिशोबात एकही दिवस धरायचा नाही, हे कुठलं शहाणपण? सात दिवस अशी अर्धपोटी काढायची, आणि ईदनंतर तेच सात दिवस पुन्हा काढायचे. एकटीने.

एकटीने हा शब्द जपून वाचा. रमजानचा रोजा अख्खा मोहल्ला मिळून धरतो. पहाटे उठवणारे असतात, भांड्यांचे आवाज असतात, संध्याकाळी फळं चिरायला चार हात असतात. कजाच्या पहाटे कोण असतं? स्वतःच गजर लावायचा, तोही उशीखाली, नवऱ्याची झोप मोडू नये म्हणून. रात्रीची पोळी चहात बुडवून खायची. संध्याकाळी अजान होते तेव्हा हातात पोळपाट-लाटणं असतं, एक खजूर तोंडात टाकायचा आणि पुढची पोळी लाटायची. असे दरसाल सात धरले तर चाळीस वर्षांत दोनशे ऐंशी होतात. नऊ रमजानांहून जास्त! पुरुषाच्या खात्यात एखाद्या तापाचे, एखाद्या प्रवासाचे दोन-तीन. त्याचा कजा राहिला तर तो चारचौघांत सांगतोही, टायफॉइड झाला होता म्हणून.

हदीसमध्ये हजरत आयेशांचं सांगणं आहे, की त्यांचे रमजानचे राहिलेले रोजे थेट शाबानमध्ये, म्हणजे पुढच्या रमजानच्या आदल्या महिन्यात भरून निघत. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. आमच्याकडे ही हदीस एकाच कामाला येते, कजा लांबवला तरी चालतो हे सांगायला. मला तिच्यात दुसरंच दिसतं. त्यांनी हे सांगितलं! ऐकणारा पुरुष होता, त्याने ते पुढे सांगितलं, आणि चौदाशे वर्षं पुरुषच ते पुस्तकांत लिहीत, मदरशांत शिकवत आलेत. एका बाईने त्यांना सरळ विचारलं होतं, की पाळीतले रोजे भरून काढायचे आणि नमाजा मात्र नाही, हे कसं? तेही मुस्लिमच्या संग्रहात नोंदलेलं आहे. तिथे लाज आड आली नाही, आणि सोलापुरातल्या दोन खोल्यांच्या घरात येते.

लाजेची किंमत काय होते ते सांगते. आमच्या नात्यातल्या एक आजी. पाच बाळंतपणं, त्यातली दोन रमजानच्या तोंडावर. सत्तरीत साखर एवढी वाढली की डॉक्टरांनी रोजे कायमचे बंद केले. आता रोजा धरणं कधीच शक्य नाही अशा माणसाने दर रोज्यामागे एका गरिबाचं जेवण द्यायचं असतं, तो फिदया. मुलं चांगली आहेत, पैशाला मागेपुढे पाहणारी नाहीत. थोरल्याने विचारलं, "अम्मी, एकूण कजा किती आहेत?" आजी गप्प. कारण त्यांनी कधी लिहूनच ठेवलं नव्हतं, लिहिलेलं कुणाच्या हाती लागलं असतं तर? ठाऊक नसेल तर खात्री वाटेल इतका वरचा अंदाज धरायचा, हे मौलवीसाहेबांनी सांगितलं आणि तसा फिदया दिलाही. पण आजींना मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाल्या, "धरता आले असते गं. कुणी पहाटे उठवणारं पाहिजे होतं." पन्नाशीपर्यंत त्यांची तब्येत ठणठणीत होती.

दूधवाल्याचे खाडे आपण कालनिर्णयावर बिनदिक्कत लिहितो. दारामागे, आल्यागेल्याला दिसेल असे. रोज्यांचे खाडे मात्र मनात. आमच्या घरी आता तेही कालनिर्णयावरच असतात, बारीक गोल करून. धरला की गोलावर काट. पहिल्या वर्षी सासूबाईंनी ते पान दोनदा उलटून ठेवलं, मी दोनदा सरळ केलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, माझे अजून सतरा आहेत, ते कुठे लिहू? ते सतरा आम्ही दोघींनी मिळून एका हिवाळ्यात संपवले. आता आदल्या रात्री "उद्या कजा" एवढं म्हटलं की नवरा गजर स्वतःच्या उशाशी घेतो आणि चहा टाकतो. त्याच्या चहाबद्दल बोलत नाही.

हिवाळ्यात कजा उरकणं सोपं, हे सगळ्यांनाच माहीत आहे. आपल्याकडे डिसेंबरातला रोजा साधारण सव्वाबारा तासांचा, जूनमधला साडेचौदाच्या आसपास. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०१८ साली मेच्या मध्यावर सुरू झाला होता, २०२५ साली मार्चच्या सुरुवातीला. २०३० साली तर जानेवारीत एक आणि डिसेंबरअखेरीस दुसरा, असे दोनदा लागतील. उन्हाळ्यातले खाडे थंडीत भरायची ही सोय तेव्हा उरायची नाही. साठवून ठेवणाऱ्यांनी बघा बुवा. शिवाय शाफई घरांनी हेही लक्षात ठेवावं, की कारण नसताना पुढचा रमजान ओलांडला तर कजा राहतोच, वर दर रोज्यामागे एक मुद्द, म्हणजे भरलेली ओंजळ, धान्य द्यावं लागतं. हनफींत हे धान्य नाही, नुसता कजा.

शव्वालच्या सहा रोज्यांचंही बोलून टाकते. ईदनंतरच्या या सहा ऐच्छिक रोज्यांचं पुण्य मोठं, म्हणून सगळ्या बायका त्यांच्यामागे लागतात, आणि मग "यातच कजाची पण नियत करू का?" हनफी म्हणतात दोन्ही वेगळे धरा. शाफईंतल्या काही उलेमांनी एकात दोन्हीची आशा धरायला वाव ठेवलाय. माझं मत विचाराल तर आधी उधारी, मग दानधर्म. शव्वालचे सहा घरात सगळ्यांना कौतुकाने सांगता येतात आणि कजाचे सहा सांगता येत नाहीत, त्यांच्या लोकप्रियतेचं मला तरी हेच कारण वाटतं.

नात्यातल्या काही वडीलधाऱ्यांना हे लिखाण खटकणार. खुशाल फोन करा, बोलू. पण या आठवड्यात मगरिबच्या सुमाराला नको, सासूबाईंचे दोन आणि माझे चार उरलेत.